तेच तेच वाजवायचं तर दम कुठे घ्यायचा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मिनिमल संगीतावर, म्हणजे मोजकेच स्वर पुन्हा पुन्हा घोळवणाऱ्या संगीतावर, जो लेख आलाय तो मी दोनदा वाचला, एकदा चिडून आणि एकदा शांतपणे, आणि दुसऱ्यांदा वाचल्यावर जास्त चिडले म्हणून हे पत्र. लांबलंय, कात्री लावायची तर खुशाल लावा, फक्त मधला श्वासाचा भाग ठेवा कारण पत्र त्याच्यासाठीच लिहायला घेतलं होतं, बाकीचं आपसूक वाढत गेलं.

लेखकाचं म्हणणं थोडक्यात असं की त्यांनी सॅक्सफोन क्वार्टेटची एक मैफल ऐकली, चौघंजण एकच ओळ पंधरा पंधरा मिनिटं घोळवत बसले होते, सॅक्सफोन हे मुळात जॅझचं वाद्य, त्याला ओढूनताणून क्लासिकलच्या पंगतीत बसवलंय, आणि असलं तेच तेच वाजवायला माणसं हवीत कशाला, कॉम्प्युटरला सांगितलं तर तो रात्रभर न थांबता वाजवेल. हे शेवटचं वाचून मी हसले सुद्धा. वाजवेल की! आम्हाला मात्र न थांबता वाजवता येत नाही, आणि सगळी गंमत तिथेच आहे, पण त्यावर नंतर येते.

आधी मी कोण ते सांगते म्हणजे तुम्हाला वाटायला नको की कोणी मोठी कलाकार रुसून बसलीये. मी हौशी आहे, पोटापाण्याचं काम वेगळं, पण गेली नऊ वर्षं आमच्या चौघांच्या क्वार्टेटमध्ये बॅरिटोन वाजवतेय. सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बॅरिटोन अशी चार मापं, वरून खाली. सोप्रानोवाले काका आमच्यात सगळ्यात ज्येष्ठ, आल्टोवाली माझ्याच वयाची आणि टेनरवाला पोरगा आम्हा सगळ्यांपेक्षा वीस वर्षांनी लहान आणि दुप्पट तयारीचा. बॅरिटोन म्हणजे पाच-सहा किलोचं धूड, पट्टा गळ्यात अडकवला की अर्ध्या तासात मान बोलायला लागते. शनिवारी तालीम, वर्षातून तीन-चार कार्यक्रम, समोर शंभरेक डोकी असली तर आम्ही खूश. तर अशी ही चौकडी, आणि आमच्या प्रत्येक कार्यक्रमात एक तरी मिनिमल तुकडा असतोच.

आता ते जॅझचं. अडॉल्फ सॅक्स हा बेल्जियममधल्या दिनाँ गावचा गृहस्थ, पॅरिसला जाऊन कारखाना टाकला आणि १८४६ मध्ये सॅक्सफोनचं पेटंट घेतलं, तेव्हा जॅझ कुणाच्या स्वप्नातही नव्हता. चार सॅक्सफोनसाठीची पहिली मोठी रचना सँजेले या संगीतकाराची, १८५७ ची. रशियन संगीतकार ग्लाझुनोव्हने सॅक्सफोन क्वार्टेट लिहिलं ते १९३२ मध्ये. म्हणजे पंगतीत ओढूनताणून कुणी बसवलं नाही, पहिल्यापासून पान मांडलेलं होतं, मध्ये बराच काळ वाढायला कोणी आलं नाही एवढंच.

पण मला खरी गोष्ट सांगायचीये ती मिनिमलची, कारण लेखात असा सूर आहे की हे संगीत आधी कुठेतरी तयार झालं आणि मग सॅक्सफोनवाल्यांनी ते उसनं घेतलं. उलट आहे हो! या संगीताची सुरुवात ज्यांच्यापासून धरतात तो अमेरिकन संगीतकार ला मॉन्ट यंग स्वतः सॅक्सफोनवाला, तरुणपणी आल्टो वाजवत जॅझमध्ये वाढलेला. १९६० मध्ये त्याने एक रचना केली त्यात दोनच स्वर, बी आणि एफ शार्प, आणि सूचना अशी की बराच वेळ धरून ठेवा. झाली रचना. पुढे तो सोप्रानिनो, म्हणजे सोप्रानोहून लहान सॅक्स, वाजवायला लागला, लांबच लांब धरलेल्या स्वरांवर भिरभिरणारा. त्याचा दोस्त टेरी रायली, ज्याने १९६४ मध्ये ‘इन सी’ लिहिलं, त्याने सोप्रानो सॅक्स हातात घेतला आणि दोन टेपरेकॉर्डर एकाच टेपने असे जोडले की आत्ता वाजवलेलं काही सेकंदांनी परत ऐकू येतं आणि त्याच्यावर तो पुन्हा वाजवतो, थरावर थर. ऑर्गन आणि हा सॅक्स घेऊन हा माणूस रात्रभराच्या मैफली करायचा. रात्रभर! कॉम्प्युटरची वाट बघत बसला नाही.

त्यांच्याच पिढीतल्या स्टीव्ह राईश या संगीतकाराने १९६६ मध्ये सोप्रानो सॅक्स आणि टेपसाठी ‘रीड फेज’ लिहिलं, जॉन गिब्सन नावाच्या वादकासाठी. मिनिमलमधलाच दुसरा मोठा संगीतकार फिलिप ग्लास, त्याच्या स्वतःच्या ग्रुपमध्ये सुरुवातीला इलेक्ट्रिक ऑर्गन आणि सॅक्सफोन हाच मुख्य मालमसाला, आणि तिथेही परत तोच जॉन गिब्सन, जो ‘इन सी’च्या पहिल्या प्रयोगातही होता. म्हणजे एकच सॅक्सवाला सगळीकडे हजर. आणि या संगीताला ‘मिनिमल’ हा शब्द १९६८ मध्ये एका परीक्षणात वापरणारा मायकेल नायमन, त्याने पुढे १९९३ मध्ये गेलेल्या मित्राच्या आठवणीत ‘साँग्ज फॉर टोनी’ लिहिलं, ते कशासाठी, तर सॅक्सफोन क्वार्टेटसाठी. आता बोला.

(‘इन सी’चा एक किस्सा सांगायचा मोह आवरत नाही. ५३ छोटे छोटे तुकडे, प्रत्येकाने आपल्या मर्जीने हवे तितक्या वेळा वाजवून पुढच्यावर जायचं, सगळं सी मध्ये. पण सॅक्सफोन ट्रान्सपोझिंग वाद्य, म्हणजे कागदावर एक आणि ऐकू येतं दुसरंच, त्यामुळे ‘इन सी’ वाजवताना आमच्यातले दोघं कागदावर डी वाचतात आणि दोघं ए. सी कुणीच वाचत नाही. टेनरवाल्याने पहिल्या तालमीला विचारलं की मग याचं नाव बदलायला नको का.)

तर श्वास. यंगचा तो बी आणि एफ शार्प ऑर्गनवर धरा, बोट ठेवलं की झालं, लाईट जाईपर्यंत वाजेल. व्हायोलिनवर धरा, गज खाली जाईल, वर येईल, वळणावर थोडं कळेल पण आवाज तुटणार नाही. टेपवर तर प्रश्नच नाही, राईशची सुरुवातीची कामं टेपच्या लूपवरच झालीत. हे सगळं संगीत डोक्यात आलं तेच मुळी दम न लागणाऱ्या वस्तूंच्या संगतीत, आणि मग ते अशा चार माणसांच्या हातात दिलं ज्यांना दर पंधरा-वीस सेकंदांनी श्वास घ्यावाच लागतो.

सर्क्युलर ब्रीदिंग असतं की, असं कोणीतरी म्हणेल. असतं. गालात हवा साठवायची, ती ओठांनी बाहेर ढकलत असतानाच नाकाने नवी आत घ्यायची, सनईवाल्यांना हे चांगलंच माहितीये. ‘रीड फेज’ त्याच्याशिवाय वाजूच शकत नाही, पाच स्वरांची एक माळ न तुटता. सोप्रानोला हवा कमी लागते, काकांना बऱ्यापैकी जमतं. माझ्या बॅरिटोनला खालच्या स्वरांवर इतकी हवा लागते की गालातली शिल्लक पापणी लवायच्या आत संपते. मी दोन वर्षं ग्लासात स्ट्रॉ बुडवून बुडबुडे काढले, न थांबता, आणि पाण्यात जमायला लागलं सुद्धा, वाद्यावर नाही जमलं ते नाहीच.

मग करायचं काय, तर चोरी. उदाहरण देते, ग्लासचं तिसरं स्ट्रिंग क्वार्टेट ‘मिशिमा’, १९८५ चं, सहा भाग आहेत, त्याची सॅक्सफोनसाठी केलेली रूपांतरं जगभर वाजतात. मूळ तंतुवाद्यांसाठी, त्यामुळे लिहिताना श्वासाचा विचार करायचं कारणच नव्हतं. शेवटच्या भागात खालीवर झुलणारे स्वरांचे झोके आहेत, एकामागून एक, पानंच्या पानं, आणि मध्ये विश्रांतीचं चिन्ह म्हणून नाही. आम्ही पहिल्यांदा बसलो तेव्हा दुसऱ्या पानावर चौघांचाही दम एकाच ठिकाणी संपला आणि अख्खं गाणं विहिरीत पडल्यासारखं बंद. मग पेन्सिली काढल्या. कोणता स्वर कोण गाळणार हे ठरवायला दोन शनिवार गेले, खोटं नाही सांगत. गायकांकडे चोरटा श्वास म्हणतात तसंच हे, फक्त इथे श्वास चोरायचा तर एक स्वर टाकून द्यावा लागतो.

पहिला नियम मी चुकून शोधला. मी दर वेळी झोक्याचा पहिला, सगळ्यात खालचा स्वर गाळत होते कारण तिथे श्वास घ्यायला सोपं पडतं. काका थांबले, सॅक्स तोंडातून काढला आणि म्हणाले, अगं तू पाया काढून घेतलास की आम्ही तिघं हवेत लटकतो, मधला काढ, भिंतीतली एक वीट गेली तर चालते. बरं, मधला काढला. मग आल्टोवाली म्हणाली की तू दर वेळी तोच चौथा स्वर गाळतेस त्यामुळे तिथे ठेका पडल्यासारखा वाटतोय, लिहिलेला नसलेला ताल ऐकू येतोय. आणि खरंच येत होता! न वाजवलेला स्वर वाजवलेल्यापेक्षा जास्त उठून दिसत होता. मग ठरलं की चोरी फिरती ठेवायची, या आवर्तनात मी चौथा गाळला तर पुढच्या वेळी सहावा, आणि मी गाळते त्याच क्षणी टेनरने गाळायचा नाही, त्याने तेव्हा माझ्या जागेवर जरासा दाब द्यायचा. माझ्या कागदावर आता इतके स्वल्पविराम (श्वासाची खूण तशीच असते) आहेत की ते संगीत कमी आणि कुणाचं तरी लांबलचक वाक्य जास्त वाटतं.

आता परत तुमच्या लेखकाकडे येऊ. ते म्हणतात एकच ओळ पुन्हा पुन्हा. कागदावर, हो, एकच. पण त्या संध्याकाळी त्यांच्या कानावर जे पडलं त्यात दर आवर्तनात भोक वेगळ्या जागी होतं, आणि ते भोक बुजवायला दुसरा कोणीतरी किंचित पुढे सरकत होता. त्यांना ते कळलं नसेल, कळू नये अशीच आमची धडपड असते, पण कानाला कळतं की काहीतरी हलतंय. शेवटच्या पानापर्यंत ओठ थकतात, रीड, म्हणजे तोंडाकडची वेताची पट्टी, भिजून मऊ पडलेली असते, आवाजाला थोडी धूळ लागते, तीही त्यातच आली.

कॉम्प्युटरचं म्हणाल तर आम्ही ते करून बघितलंय, मुद्दाम नाही, सवयीने. नवीन नोटेशन आलं की टेनरवाला ते सॉफ्टवेअरमध्ये टाकतो आणि तालमीआधी सगळ्यांना पाठवतो, सराव व्हावा म्हणून. अचूक असतं. तीन मिनिटांनी मी भांडी घासायला उठते. आधी मला वाटायचं आवाज नकली आहे म्हणून, पण चांगल्यातले चांगले रेकॉर्ड केलेले आवाज लावले तरी तेच. त्याचं एक कारण मला बऱ्याच उशिरा कळलं ते म्हणजे सुरांचं. सॉफ्टवेअर नेहमीच्या सेटिंगवर पियानोसारख्या समान वाटलेल्या स्वरांत वाजवतं, त्यातला शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो (शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर), पेटीवर गाणाऱ्यांचं जे जुनं दुखणं आहे तेच. सॅक्सफोनवर स्वर ओठांनी किंचित वरखाली करता येतो, किंबहुना करावाच लागतो कारण वाद्य स्वतः लहरी आहे, मधला डी तर हमखास चढा निघतो. चौघांनी ऐकत ऐकत तो गंधार खाली बसवला की एकदम काहीतरी होतं. सोप्रानो आणि आल्टो वर दोन स्वर धरून असतात आणि कानात खाली तिसराच एक स्वर घुमायला लागतो, जो कुणीच वाजवत नाहीये. दोन स्वरांच्या कंपनसंख्येतल्या फरकाचा स्वर असतो तो. तानपुरा सुरेल लागला की त्यातून स्वयंभू गंधार ऐकू येतो ना, तिथे भौतिकशास्त्र वेगळं, तो तारेच्याच आवाजात दडलेला असतो, पण अंगावर काटा येतो तो एकाच जातीचा. टेरी रायलीने रोव्हा नावाच्या सॅक्सफोन क्वार्टेटसाठी एक मोठी रचना अशा नैसर्गिक श्रुतींतच केलीये, उगीच नाही.

हा फुकटचा स्वर ऐकू यायला वेळ लागतो. दोन सेकंदांचा कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) असेल तर तुम्ही तिथे पोचायच्या आत तो गेलेला असतो. मिनिमलमध्ये तो थांबतो, परत येतो, परत येतो, आणि केव्हातरी तुमचा कान आत शिरतो. तेच तेच वाजवण्यामागे एक कारण हेही आहे.

दुसरी एक गंमत म्हणजे कुणीच न वाजवलेली चाल. राईशचं ‘न्यूयॉर्क काउंटरपॉइंट’ १९८५ चं, मूळ क्लॅरिनेटसाठी, एकजण समोर वाजवतो आणि दहा ओळी आधीच रेकॉर्ड केलेल्या, एकूण अकरा, सॅक्सफोनवरही ते वाजवतात. सगळ्यांचा आवाज एकाच जातीचा, ओळी एकमेकींच्या फटींत बसवलेल्या, त्यामुळे हा स्वर याचा आणि तो त्याचा हे कानाला सांगताच येत नाही, तो आपला इथला एक तिथला एक उचलून स्वतःच चाल बनवतो. बासरी, ओबो, हॉर्न असे वेगवेगळ्या आवाजाचे लोक घेतले तर प्रत्येकजण वेगळा ओळखू येतो आणि खेळ बिघडतो. सॅक्सफोन क्वार्टेटमध्ये चौघं एकाच आईची लेकरं, खालून वरपर्यंत पोत तोच, म्हणून हे संगीत तिथे इतकं चपखल बसतं. हे माझं मत, पण नऊ वर्षं वाजवून झालेलं आहे.

वाद्य नसलं तरी करून बघण्यासारखी एक गोष्ट सांगते. राईशचं ‘क्लॅपिंग म्युझिक’, १९७२ चं, फक्त टाळ्या. बारा मात्रा, त्यात आठ टाळ्या आणि चार रिकाम्या जागा: तीन टाळ्या-रिकामी, दोन-रिकामी, एक-रिकामी, दोन-रिकामी. दोघांनी एकत्र सुरू करायचं, मग एकाने तेच ठेवायचं आणि दुसऱ्याने काही आवर्तनांनी एक मात्रा पुढे सरकायचं, मग अजून एक, बारा वेळा सरकलं की परत दोघं एकत्र. आम्ही तालमीच्या आधी दोन विरुद्ध दोन करतो, वॉर्मअप म्हणून. पाचव्या सरकण्याला हमखास कोणीतरी समोरच्याच्या मागे वाहवत जातं आणि हसू फुटतं. आता यात ‘तेच तेच’ काय आहे ते सांगा, टाळ्यांचा साचा पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच आहे आणि ऐकणाऱ्याला बारा वेगळे ऐकू येतात.

लेखात अजून एक वाक्य आहे की राग ऐकलेल्या कानांना हे परकंच वाटणार. हे मला सगळ्यात जास्त लागलं. अहो, तबला सोलोला लेहरा धरणारा काय करतो? एकच ओळ, तासभर, एक स्वर इकडचा तिकडे न करता, आणि त्याने जरा हौस केली तर तबलजी असा बघतो की पुढच्या वेळी तो बोलावणं येण्याची वाट बघत बसतो. लेहऱ्यात काही होत नाही असं कुणी म्हणत नाही कारण लक्ष तबल्यावर असतं. मिनिमलवाल्यांनी एवढंच केलं की तबला काढून घेतला आणि म्हणाले आता लेहरा ऐका. अवघड जातं, मान्य.

आणि परकं तरी कसं, यंग आणि रायली दोघंही १९७० पासून पंडित प्राणनाथांचे शागीर्द, म्हणजे किराणा घराणं, एकेका स्वरावर ठाण मांडून बसणारं. फिलिप ग्लास साठच्या दशकाच्या मध्याला पॅरिसमध्ये शिकत असताना एका सिनेमासाठी पंडित रविशंकरांचं संगीत कागदावर उतरवून घ्यायच्या कामाला लागला. युरोपियन पद्धतीने तालाच्या रेघा मारल्या की आघात भलतीकडेच पडायचे आणि उस्ताद अल्लारखा दर वेळी सांगायचे की सगळे स्वर सारखेच. शेवटी त्याने वैतागून रेघाच पुसून टाकल्या आणि मग त्याला दोन-दोन, तीन-तीनचे गट एकमेकांना जोडून केवढी लांबी तयार होते ते दिसलं. पुढची त्याची सुरुवातीची कामं बघा, पाच स्वरांची ओळ, तिला एक जोडून सहा, मग सात, आपल्याकडे तबल्यातल्या कायद्याचे पलटे ऐकणाऱ्याला ओळखीचं वाटेल. पण म्हणून ‘हे सगळं आपल्याकडूनच गेलं’ असंही कृपया छापू नका, राईश घानाला जाऊन ड्रम शिकला, यंगच्या डोक्यात जॅझ होता, टेपरेकॉर्डर तर कुणाच्याच परंपरेतला नाही.

आता लेखकाची बाजू. कंटाळा येतो का? येतो. वाजवताना सुद्धा येतो. मागे एका कार्यक्रमात आठ वेळा वाजवायचा एक बार (तालाच्या दोन रेघांमधला तुकडा) होता, पायाच्या अंगठ्याने मोजत होते, सहाव्याला समोरच्या रांगेत कोणाचा तरी चष्मा पडला आणि मला वाटलं झाले आठ. मी पुढच्या कॉर्डवर आणि बाकीचे तिघं मागच्यावर, दोन आवर्तनं असं चिखलासारखं चाललं होतं, काकांच्या भुवया टक्कलापर्यंत गेल्या. कार्यक्रम संपल्यावर एक गृहस्थ मुद्दाम भेटायला आले, म्हणाले ती मधली जागा काय लिहिलीये हो, अंगावर आली. मी थँक्यू म्हटलं. काय करणार.

आणि वाजवणाऱ्यांचंही चुकतं. ‘मिशिमा’ तर आता इतकं वाजतं की दोन क्वार्टेट एका कार्यक्रमात असले तर आधी फोन करून विचारावं लागतं. बरेचजण ते शर्यतीसारखं पळवतात, आणि मोठ्याने, कारण सॅक्सफोनवर मोठ्याने वाजवणं सोपं, अगदी हळू आवाजात खालचा बी फ्लॅट काढायचा म्हणजे एकतर तो येतच नाही किंवा येतो तो बदकासारखा. नळीत साचलेलं थुंकीचं पाणी नेमकं तेव्हाच गुडगुडतं. ग्लासचंच १९९५ चं सॅक्सफोन क्वार्टेट कॉन्चेर्टो आहे, राशर क्वार्टेटसाठी लिहिलेलं, ते ऑर्केस्ट्राबरोबरही वाजवता येतं आणि नुसत्या चौघांनीही, मला विचाराल तर नुसत्या चौघांचं जास्त भावतं, ऑर्केस्ट्रा आला की आमच्या श्वासाच्या जागा पडद्याआड जातात. अख्खी संध्याकाळ फक्त मिनिमल ठेवणं हीसुद्धा चूकच आहे, त्या दिवशी तसंच होतं असं लेखावरून दिसतंय, तर तिथे मी लेखकाच्या बाजूने. ब्रिटिश संगीतकार गॅव्हिन ब्रायर्सचं १९८९ चं सॅक्सफोन क्वार्टेट ‘अलारिक वन ऑर टू’ यासारखं एखादं मध्ये घातलं असतं तर त्यांचा सूर कदाचित वेगळा लागला असता.

लेखकांना माझा निरोप द्या की पुढच्या वेळी मागच्या रांगेत नको, पुढे बसा, आणि चालीकडे लक्ष न देता बॅरिटोनवाल्याचे खांदे बघा. खांदे किंचित वर गेले की समजा चोरी झाली. कोणता स्वर गेला ते ओळखता आलं तर मला कळवा, आमच्या कागदावर तो गोल करून ठेवू.

आपली,
एक वाचक, बॅरिटोनवाली

ता. क. लेखाबरोबरचा फोटो उलटा छापलाय. सॅक्सफोनवर डावा हात वर आणि उजवा खाली असतो, तुमच्या फोटोत बरोबर उलट आहे. शिवाय तो एकटाच आहे, चार हवे होते.